नर्सिंगला आहात? मग अँटिबायोटिकच्या या चुका टाळा

जीएनएम, बीएस्सीच्या मुलामुलींनो, व्हायव्हात 'व्हायरसवर अँटिबायोटिक चालत नाही' हे तुम्ही सगळेच धडाधड सांगता, पण घसा धरला की हॉस्टेलवर रूममेटच्या डब्यातली उरलेली अझिथ्रो (अझिथ्रोमायसीन, अँटिबायोटिकची गोळी) काढायची, दोन दिवस घ्यायची आणि बरं वाटलं की राहिलेली परत डब्यात, हेही बरेच जण करतात. अहो साधी सर्दी-घसा बहुतेक वेळा व्हायरसचाच, तो आपोआपच उतरणार होता, गोळीने काही केलं नाही. झालं इतकंच की तुमच्या पोटातले जंतू त्या औषधाला सरावले आणि तेच हात घेऊन तुम्ही सकाळी वॉर्डात पेशंटजवळ जाणार. अझिथ्रो डब्ल्यूएचओच्या 'वॉच' गटात आहे, म्हणजे जपून वापरायचं औषध. डॉक्टरांना दाखवा, चिठ्ठीशिवाय नको.

आता वॉर्डातलं. चार्टवरचं टीडीएस (दिवसातून तीनदा) म्हणजे नाश्ता, जेवण, जेवण नाही, दर ८ तासांनी. सकाळी ८, दुपारी २, रात्री ८ असं दिलं तर रात्रभर १२ तासांची गॅप पडते, आणि पेनिसिलिन-सेफॅलोस्पोरिनसारखी औषधं रक्तात पुरेशी टिकून राहिली तरच काम करतात, त्या गॅपमध्ये जंतू परत वाढतात. म्हणून ६-२-१० पाळा.

डोस राहून गेला? पुढच्या वेळी डबल देऊन भरपाई करू नका, लगेच सिस्टरांना सांगा.

ब्लड कल्चर (रक्तात जंतू आहेत का ते वाढवून बघायची तपासणी) सांगितलं असेल तर आधी बाटली, मग पहिला डोस. पण सेप्सिसच्या (जंतुसंसर्गाने जीव धोक्यात आलेल्या) पेशंटला कल्चरसाठी ताटकळत ठेवू नका, तिथे एकेक मिनिट महत्त्वाचं.

सेफ्ट्रायॅक्सोन हे अँटिबायोटिक आरएलमध्ये (रिंगर लॅक्टेट, कॅल्शियम असलेलं सलाईन) किंवा आरएल चालू असलेल्या लाइनमधून देऊ नका, कॅल्शियमशी मिळून साका बसतो. मोठ्या माणसाला द्यायचंच तर आरएल बंद करून आधी एनएसने (नॉर्मल सलाईन) लाइन फ्लश करा. नवजात बाळाला शिरेतून कॅल्शियम चालू असेल तर हे औषध द्यायचंच नाही, फ्लश केलं तरी नाही. व्हँकोमायसीन १ ग्रॅम किमान १०० मिनिटं चालवा, घाई केली की पेशंट लालभडक होतो, खाज सुटते. तसं झालं तर आधी ड्रिप थांबवा, मग डॉक्टरांना हाक.

टेस्ट डोस (अ‍ॅलर्जी आहे का बघायला आधी दिलेला थोडासा डोस) निगेटिव्ह आला म्हणून निर्धास्त होऊ नका, तरीही रिअ‍ॅक्शन येऊ शकते, मी स्वतः पाहिलीय, म्हणून पहिल्या डोसला पेशंटजवळ थांबा आणि अ‍ॅड्रेनलिन (गंभीर रिअ‍ॅक्शनवरचं इंजेक्शन) ट्रेमध्येच ठेवा. आणि चार्टवर खरी वेळ लिहा, साडेअकराला दिलेला डोस १० चा म्हणून लिहिलात तर पुढची शिफ्ट ६ लाच देणार.