द बाथ्स: दोन्ही हात मोकळे ठेवून उतरा

खांद्याला शबनम, पायात रबरी चपला आणि एका हातात मोबाइल, अशी मी पहिल्यांदा 'द बाथ्स'ला, म्हणजे समुद्रकाठच्या प्रचंड शिळांच्या ढिगात, उतरले. पहिल्याच बुटक्या फटीतून बसून सरकताना शबनमचा पट्टा दोन दगडांच्या बेचक्यात अडकला. तो सोडवायला गेले आणि मोबाइल खालच्या पाण्यात. म्हणून आधीच सांगते, बाकी काही विसरलात तरी निभावेल, पण दोन्ही हात मोकळे हवेत. पाठीला घट्ट बसणारी, पाणी न शिरणारी छोटी सॅक घ्या. पायात मागून बंद, ओले झाले तरी चालतील असे बूट घाला. कपडे मांडीपर्यंत भिजणार हे धरूनच चला.

ही जागा कॅरिबियन समुद्रातल्या ब्रिटिश व्हर्जिन आयलंड्समधल्या व्हर्जिन गोर्डा बेटावर, दक्षिणेच्या टोकाकडे आहे. 1990 पासून ते राष्ट्रीय उद्यान आहे. किनाऱ्यावर ग्रॅनाइटच्या गोलमटोल शिळा एकमेकींवर रेलून पडल्यात, काही तर 12 मीटरपर्यंत. या कोणी आणून टाकलेल्या नाहीत. जमिनीच्या पोटात शिलारस सावकाश थंड होऊन हा ग्रॅनाइट झाला आणि वरची जमीन झिजल्यावर उघडा पडला. खडकाच्या भेगांमधून पाणी शिरलं. कोपऱ्यांना ते अनेक बाजूंनी भिडतं, म्हणून कोपरे आधी गेले. मग कांद्यासारखे पापुद्रे सुटत सुटत ठोकळ्यांचे गोटे झाले. एखाद्या शिळेजवळ थांबून पाहा, सुटू पाहणारा पापुद्रा दिसेल.

शेजारच्या टोर्टोला बेटावरच्या रोड टाउनहून फेरीने साधारण अर्ध्या तासात व्हर्जिन गोर्डावरच्या स्पॅनिश टाउनला पोचता येतं. तिथून उघड्या बाजूंच्या टॅक्सी मिळतात. चलन अमेरिकन डॉलर, गाड्या मात्र आपल्यासारख्या डावीकडून. आम्ही गेलो तेव्हा उद्यानाचं तिकीट माणशी 3 डॉलर होतं. फेरीत चढण्याआधी रोड टाउनच्या बंदरात नजर टाका. मोठं क्रूझ जहाज उभं असेल तर पुढच्या दोन-तीन तासांत तीच माणसं तुमच्या पुढे शिडीवर रांग लावून असतील. त्यामुळे शक्यतो पहिली फेरी पकडा.

आपण कोकणातली माणसं समुद्रावर जायचं म्हटलं की तिथी मोजतो. इथे तो हिशेब फारसा उपयोगाचा नाही, कारण भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूटभर. इथे बघायचं ते उत्तरेकडून येणारं उधाण. हिवाळ्यात दूर उत्तर अटलांटिकमध्ये वादळ होतं आणि त्याच्या लाटा इथे निरभ्र आकाशाखाली येऊन आदळतात. ऊन चकचकीत, वारा नाही, तरी फटींमध्ये पाणी उसळ्या मारत असतं. किनाऱ्यावर लाल बावटा दिसला तर पाण्यात उतरू नका. तोंड वेंगाडून परत यावं लागलं तरी हरकत नाही.

वरून, तिकिटाच्या जागेपासून, दोन पायवाटा फुटतात. एक बाथ्सकडे, दुसरी थेट डेव्हिल्स बेकडे, म्हणजे शिळांपलीकडच्या पुळणीकडे. गुडघे कुरकुरत असतील त्यांनी दुसरी धरावी. ती नुसती मातीची उतरण आहे, सरपटावं लागत नाही आणि पुळण तितकीच देखणी. बाकीच्यांनी बाथ्सकडून उतरून शिळांखालून डेव्हिल्स बे गाठावं आणि दुसऱ्या वाटेने वर यावं. शिळांखालचं अंतर फार नाही, पण वीसएक मिनिटं लागतात. फोटो काढणारे सोबत असतील तर त्याच्या दुप्पट.

आत शिरताना वाकावं लागतं, उंच माणसांना चांगलंच. मग लाकडी शिड्या, दोर, गुडघाभर पाण्याची डबकी. शिडी उतरताना तोंड शिडीकडे ठेवा. माझी नणंद उलटी उतरली आणि शेवटच्या दोन पायऱ्या बसूनच आली. कोरडा ग्रॅनाइट खरखरीत असतो, पाय धरतो. शेवाळलेला हिरवट-काळा पट्टा दिसला की मात्र तिथे पाय टाकू नका. दोर आधाराला आहे, लोंबकळायला नाही; वजन पायांवरच ठेवा. मधल्या मोठ्या दालनाला 'कथीड्रल' म्हणतात. दोन प्रचंड शिळा डोक्यावर टेकलेल्या, फटीतून उन्हाची तिरीप खालच्या पाण्यावर. तिथे बोलणं आपोआप हळू होतं. पाच मिनिटं नुसतं पाण्यात बसा, मागची मंडळी पुढे गेली तर जाऊ द्या.

डेव्हिल्स बेला बाहेर पडलात की डोळे दिपतात. स्नॉर्कलचा मुखवटा नेला असेल तर वाळूपेक्षा पाण्यातल्या शिळांच्या कडेकडेने पोहा, मासे तिथेच असतात. दगडांना हात लावताना काळ्या काटेरी सी-अर्चिनपासून जपा. आणि एक, कॅरिबियन किनाऱ्यावर मँचिनील नावाचं झाड असतं, फळं छोट्या हिरव्या सफरचंदासारखी. फळ विषारी, चीक अंगाला लागला तर फोड येतात. पाऊस आला तरी त्याच्या आडोशाला उभं राहू नका.

वर जाणारी वाट निवडुंगांमधून जाते आणि दुपारी तापते. पाणी या चढासाठी राखून ठेवा. आम्ही सगळं खालीच संपवलं होतं. परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ सकाळी उतरल्या उतरल्या धक्क्यावरच विचारून घ्या. आम्ही विचारली नव्हती. स्पॅनिश टाउनला ओल्या कपड्यांनिशी खोली शोधताना नणंदेने माझ्याकडे जे पाहिलं, ते अजून आठवतं.