नव्या डिझेल गाडीची देखभाल : ऑइल, डीपीएफ, इंजेक्टर आणि टायमिंग बेल्ट

डिझेल गाडी दणकट असते, तिला फारसं काही लागत नाही, हा समज जुन्या इंजिनांच्या काळातला. तेव्हा मेकॅनिकल पंप होता, धूर थेट बाहेर जायचा आणि ऑइल थोडं उशिरा बदललं तरी भागायचं. आजच्या कॉमन रेल इंजिनात (सगळ्या इंजेक्टरना एकाच सामायिक नळीतून डिझेल मिळतं असं इंजिन) डिझेल १६०० ते २५०० बार दाबाने फवारलं जातं, इंजिनात जास्त हवा ढकलणारा टर्बो मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो आणि धूर गाळल्याशिवाय बाहेर सोडलाच जात नाही. यातला एक भाग बिघडला की दुसऱ्याला ओढतो. डिझेल फवारणारा इंजेक्टर जास्त डिझेल सोडू लागला की काजळी वाढते, काजळीने डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी गाळणी, लवकर भरतो, तो साफ करण्याच्या खटाटोपात इंजिन ऑइल पातळ होतं आणि पातळ ऑइल टर्बोची बेअरिंग खातं. दिवा डीपीएफचा लागतो, दुखणं मात्र इंजेक्टरचं असतं. ही साखळी लक्षात घेतली तर कुठला खर्च आज करायचा आणि कुठला टाळता येईल, हे आपोआप कळतं.

ऑइल

डब्यावर नुसतं ५डब्ल्यू-३० (ऑइल किती घट्ट-पातळ ते सांगणारा आकडा) लिहिलेलं पाहून ऑइल घेऊ नका. डीपीएफ असलेल्या गाडीला कमी राखेचं ऑइल लागतं. ते एसीईए या युरोपीय वाहन उत्पादक संघटनेच्या सी२, सी३ अशा वर्गावरून आणि त्याहून नेमकं म्हणजे गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेल्या मंजुरी क्रमांकावरून ओळखायचं. प्रत्येक इंजिन थोडं ऑइल जाळतंच, आणि त्यात मिसळलेल्या रसायनांची (ॲडिटिव्ह) राख डीपीएफमध्ये जाऊन बसते. काजळी जाळता येते, राख जळत नाही. सी३ ऑइलमध्ये सल्फेटेड राखेची मर्यादा ०.८ टक्के आहे. जुन्या पद्धतीच्या ऑइलमध्ये राख याच्या जवळपास दुप्पट असू शकते. चुकीच्या ऑइलचा परिणाम लगेच दिसत नाही, डीपीएफ मुदतीच्या खूप आधी राखेने भरतो तेव्हा कळतो.

ऑइल किती किलोमीटरला बदलायचं? मॅन्युअलमध्ये बहुधा दोन वेळापत्रकं असतात, साधं आणि कठीण वापराचं. रोज पाच-सात किलोमीटरच्या फेऱ्या, रहदारी, धूळ हा सगळा कठीण वापर. साध्या वापराला १५ ते २० हजार लिहिलं असलं, तरी शहरात फिरणाऱ्या गाडीचं ऑइल १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल तेव्हा बदलावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

ऑइल बदलताना इंजिन कोमट असावं, म्हणजे घाण ऑइलबरोबर निघून येते. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, स्टँड लावाच. ड्रेन बोल्ट काढून पंधरा मिनिटं ऑइल निथळू द्या. बोल्टचा वॉशर दर वेळी नवा टाका. सुटा, डब्यासारखा, फिरवून बसवायचा फिल्टर असेल तर त्याच्या रबरी रिंगला नवं ऑइल चोळा, रिंग टेकेपर्यंत हाताने आवळा आणि पुढे पाऊण फेरा द्या. प्लास्टिकच्या झाकणातला कागदी फिल्टर असेल तर झाकणावर छापलेल्या टॉर्कपेक्षा जास्त जोर लावू नका, झाकण तडकतं. मॅन्युअलमधल्या मापापेक्षा अर्धा लिटर कमी ओता, इंजिन मिनिटभर चालवा, दहा मिनिटं थांबून डिपस्टिक बघा आणि मग उरलेलं भरा. नवं ऑइल शे-दोनशे किलोमीटरमध्ये काळं होतं, त्याची काळजी नको.

डिपस्टिक दर पंधरा दिवसांनी सपाट जागी बघत जा. पातळी कमी झाली की सगळेच बघतात, डिझेलमध्ये ती वाढतेय का हेही बघायला हवं. वाढली तर ऑइलमध्ये डिझेल उतरतंय. काडी नाकाशी धरली तर डिझेलचा वास येतो, आणि ऑइल बोटांत पाण्यासारखं सुटतं. कमाल खुणेच्या वर गेलेल्या ऑइलवर गाडी चालवू नका. जास्तीचं ऑइल इंजिनच्या ब्रीदर पाइपमधून (आतली वाफ बाहेर काढणारी नळी) टर्बोकडे आणि तिथून सिलेंडरमध्ये ओढलं गेलं, तर इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळत सुटतं आणि चावी बंद करूनही थांबत नाही. अशा वेळी मॅन्युअल गाडीत पाय ब्रेकवर दाबून, सगळ्यात वरचा गिअर टाकून क्लच सोडायचा, म्हणजे इंजिन बंद पडतं.

डीपीएफ : नीट समजून घ्या

डीपीएफ म्हणजे सिरॅमिकची बारीक छिद्रांची गाळणी. हायवेवर एक्झॉस्ट साडेतीनशे-चारशे अंशांच्या पुढे तापतो तेव्हा काजळी आपोआप जळत राहते. शहरात एवढी उष्णता मिळत नाही. मग दर काहीशे किलोमीटरला संगणक स्वतःहून जाळण्याचा कार्यक्रम सुरू करतो: जास्तीचं डिझेल सोडून एक्झॉस्ट ६०० अंशांच्या आसपास नेतो. याला साधारण १० ते २० मिनिटं लागतात. बऱ्याच गाड्यांत हे चालू आहे असं सांगणारा दिवा नसतो, म्हणून खुणा ओळखायला शिका. उभ्या गाडीचा आयडल नेहमीपेक्षा शे-दोनशे आरपीएमने वर असतो, क्षणिक ॲव्हरेज एकदम घसरतं, स्टार्ट-स्टॉप (सिग्नलला इंजिन आपोआप बंद-चालू करणारी सोय) काम करत नाही, आणि गाडी बंद केली तर रेडिएटरचा पंखा फिरतच राहतो व खालून तापलेल्या लोखंडाचा वास येतो.

अशा वेळी घरी पोहोचलात तर शक्य असल्यास गाडी बंद करू नका, दहा-पंधरा मिनिटं आणखी चालवा. एकदा काम अर्धवट राहिलं तर काही बिघडत नाही, पण दर वेळी अर्धवट राहिलं तर तेच न जळलेलं डिझेल सिलेंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं. वर सांगितलेली वाढती पातळी येते ती बहुतेक इथूनच. त्या दरम्यान सुक्या गवतावर किंवा पालापाचोळ्यावर गाडी उभी करू नका, आग लागू शकते.

डीपीएफचा दिवा स्थिर लागला असेल तर इंजिन पूर्ण गरम करून मोकळ्या रस्त्यावर ६० ते ८० च्या वेगाने, एक गिअर खाली ठेवून २००० ते २५०० आरपीएमवर वीस मिनिटं चालवा. टाकीत पाव टाकीहून जास्त डिझेल असू द्या, कारण टाकी रिझर्व्हवर असली की बऱ्याच गाड्या हा कार्यक्रम सुरूच करत नाहीत. दिवा लुकलुकत असेल किंवा सोबत इंजिनचा दिवाही लागला असेल, तर मात्र पळवू नका. काजळी एका मर्यादेपुढे साठली की ती अनियंत्रित पेटून सिरॅमिक तडकवते. तिथे स्कॅनर (गाडीच्या संगणकाला जोडायचं गॅरेजमधलं उपकरण) लावून करायचं काम आहे.

वारंवार डीपीएफ भरत असेल तर लगेच नवा बसवण्याआधी तीन गोष्टी तपासा. डीपीएफच्या दोन टोकांमधला दाबाचा फरक मोजणाऱ्या सेन्सरचे बारीक रबरी पाइप तडकलेले किंवा वितळलेले असतात, आणि सेन्सर चुकीचा आकडा देतो. एक्झॉस्टचा तापमान सेन्सर मेलेला असतो. किंवा इंजेक्टर, ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात वळवणारी यंत्रणा), टर्बोचा पाइप यांतलं काहीतरी जास्त काजळी करत असतं. दीड-दोन लाख किलोमीटरनंतर राख साठणं मात्र स्वाभाविक आहे. तेव्हा डीपीएफ काढून मशीनवर उलट्या दिशेने धुऊन घेता येतो. आतली जाळी फोडून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. अनेक देशांत ते बेकायदा आहे, आणि मूळ दोष तसाच राहतो.

डिझेल, फिल्टर आणि इंजेक्टर

हाय प्रेशर पंपाला वंगण म्हणजे डिझेलच. त्यात पाणी आलं की वंगण संपलं. फिल्टरखाली ड्रेन स्क्रू असेल तर दर ऑइल सर्व्हिसला थोडं डिझेल काचेच्या बरणीत काढा आणि दहा मिनिटं तसंच ठेवा. पाणी तळाशी वेगळं बसतं, स्पष्ट रेघ दिसते. फिल्टर मॅन्युअलप्रमाणे, साधारण २० ते ४० हजार किलोमीटरला बदला. जुन्या फिल्टरमधलं डिझेल पांढऱ्या भांड्यात ओतून उन्हात तिरपं धरा. चंदेरी कण चमकले तर पंप आतून झिजतोय. अशा वेळी नुसता पंप बदलून चालत नाही; टाकीपासून इंजेक्टरपर्यंत सगळं साफ करावं लागतं, नाहीतर तेच कण नवे भाग संपवतात.

नवा फिल्टर बसवल्यावर हवा काढल्याशिवाय सेल्फ मारू नका. हातपंप असेल तर कडक होईपर्यंत दाबा. टाकीत इलेक्ट्रिक पंप असेल तर इग्निशन दहा-दहा सेकंद चार-पाच वेळा चालू-बंद करा. चालू इंजिनवर इंजेक्टरचा पाइप सैल करून हवा काढण्याची जुनी सवय इथे जीवघेणी आहे. एवढ्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत शिरतं.

चुकून पेट्रोल भरलं गेलं तर गाडी सुरू करू नका, इग्निशनही लावू नका, कारण त्यानेच टाकीतला पंप चालू होतो. टाकी रिकामी करून घ्या.

इंजेक्टरभोवती डांबरासारखा काळा थर आणि थंड इंजिनवर फस-फस आवाज, ही तांब्याचा वॉशर गळत असल्याची खूण. वॉशर स्वस्त असतो, पण तसंच चालवलं तर गरम वायू बसण्याची जागा खातात आणि इंजेक्टर हेडमध्ये अडकतो. नवा इंजेक्टर टाकला तर त्याच्यावरचा कोड स्कॅनरने भरावा लागतो, ही गोष्ट बऱ्याचदा राहून जाते आणि मग गाडी ठोकते, धूर मारते.

हवा, टर्बो, ईजीआर

एअर फिल्टर कॉम्प्रेसरने फुंकून पुन्हा वापरू नका, कागदाची छिद्रं मोठी होतात. पिकअप गेला, काळा धूर आणि शिट्टीसारखा आवाज येतोय, तर आधी इंटरकूलरचे (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारा भाग) होज पाइप बघा. आत थोडं ऑइल असणं चालतं; क्लिपभोवती धूळ चिकटलेली ओली रेघ म्हणजे गळती. टर्बो बदलायला निघालेल्या कितीतरी गाड्यांना फक्त पाइप हवा असतो.

थंड इंजिन रेस करू नका, आणि लांब चढ किंवा हायवेवरून आल्यावर अर्धा-एक मिनिट आयडलवर ठेवून मग बंद करा. ईजीआरमध्ये काजळी आणि ऑइलची वाफ मिळून चिकट लगदा होतो. व्हॉल्व्ह काढून साफ केला तर गॅसकेट नवं लावा आणि स्कॅनरने त्याची शून्य जागा पुन्हा शिकवा. कूलंट कमी होतंय, गळती कुठेच नाही आणि पांढरा धूर येतोय, तर ईजीआर कूलर फुटला आहे का ते हेड गॅसकेटच्या आधी तपासा.

ॲडब्लू

ॲडब्लू म्हणजे धुरातले विषारी नायट्रोजन ऑक्साइड कमी करण्यासाठी वेगळ्या टाकीत भरायचं द्रव. यात ३२.५ टक्के युरिया आणि बाकी शुद्ध पाणी असतं. साध्या पाण्याने ते वाढवू नका. उन्हात वर्षभर पडलेला डबा टाळा. सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, नाहीतर पांढरे खडे धरतात. ते डिझेलच्या टाकीत गेलं तर नियम पेट्रोलचाच: चावीला हात लावू नका.

वर्षांच्या हिशेबात येणारी कामं

टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनची हालचाल जुळवून ठेवणारा पट्टा, मॅन्युअलमधले किलोमीटर किंवा वर्षं, जे आधी होईल तेव्हा बदलायचा. गाडी कमी चालली म्हणून रबर तरुण राहत नाही. टेन्शनर, आयडलर (बेल्ट ताणून धरणाऱ्या आणि वळवणाऱ्या पुल्या) आणि बेल्टवर चालणारा वॉटर पंप त्याच वेळी बदला. बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्व्हला धडकतो आणि हेड उघडावं लागतं. बेल्ट ऑइलमध्ये बुडालेला असेल तर चुकीच्या ऑइलने त्याचा भुगा होऊन ऑइल पंपाची जाळी बंद होते. चेन असेल तर थंड स्टार्टला दोन सेकंदांची खडखड दुर्लक्षू नका.

थंड इंजिन सुरू करताना सिलेंडर तापवणारे ग्लो प्लग मल्टिमीटरने तपासा: साधारण एक ओहमच्या आसपास ठीक, अनंत आकडा म्हणजे गेलेला. काढायचा असेल तर गरम इंजिनवर, आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून, पुढे-मागे हलवत काढा. जोर केला तर हेडमध्येच तुटतो.

कूलंट आणि ब्रेक फ्लुइड मुदतीप्रमाणे बदला, वेगवेगळ्या प्रकारची कूलंट मिसळू नका. स्टार्ट-स्टॉपच्या गाडीला एजीएम किंवा ईएफबी, म्हणजे वारंवार स्टार्ट होणं सोसणारी बॅटरीच लागते. पाचव्या गिअरमध्ये १२०० आरपीएमवर ॲक्सिलरेटर दाबून गाडी ओढू नका. त्या हादऱ्यांनी ड्युअल मास फ्लायव्हील (इंजिनचे हादरे झेलणारं जड चाक) संपतं.

गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवा, म्हणजे रिकाम्या जागेत वाफ धरून पाणी होत नाही. पाणी आणि डिझेलच्या सीमेवर जीवाणू वाढून काळा चिखल तयार होतो, तो फिल्टर बंद करतो. मधूनमधून पाच मिनिटं इंजिन चालू करून बंद करण्यात फायदा नाही, उलट काजळी आणि ऑइलमधलं डिझेल वाढतं. सुरू केलीत तर अर्धा तास चालवून आणा, नाहीतर बॅटरीला चार्जर लावून तशीच राहू द्या.