अंगणातला संत्रा: पाणी मुळांना, बुंध्याला नव्हे

नागपुरात घरासमोर थोडी मोकळी जागा असली की तेथे संत्र्याचे किंवा कागदी लिंबाचे एक तरी झाड असावे, अशी इच्छा बहुतेकांच्या मनात असते. काटोल, नरखेड, वरूड या पट्ट्यात ज्या फळाच्या बागा उभ्या आहेत आणि ज्याला 2014 साली भौगोलिक मानांकन मिळाले, ते फळ, म्हणजे नागपुरी संत्रा, आपल्या अंगणातही येते. मात्र अंगणातील ही झाडे पाण्यावाचून क्वचितच मरतात. ती मरतात बुंध्याशी साचलेल्या पाण्याने, आणि ही एकच गोष्ट नीट सांभाळली तर पुढची निम्मी दुखणी उद्भवतच नाहीत.

कलम घेताना सर्वप्रथम डोळा बांधलेली जागा पाहावी. आपल्याकडे संत्र्याचा डोळा, म्हणजे फांदीवरचा अंकुर, जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर, म्हणजे मुळे असलेल्या खालच्या रोपावर, बांधतात. हा सांधा मातीपासून सुमारे 9 इंच उंच असलेलेच कलम निवडावे. चार बोटांवर बांधलेले कलम कितीही टवटवीत दिसले तरी ते घेऊ नये. सांध्यावर प्लॅस्टिकची पट्टी राहून गेली असेल तर ती ब्लेडने अलगद कापून काढावी, कारण खोड जाड होऊ लागले की ती सालीत रुतते. अमरावती रोडवरील केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत रोगमुक्त कलमे तयार केली जातात. तेथून किंवा नोंदणीकृत रोपवाटिकेतूनच कलम आणावे. रस्त्यावरच्या हातगाडीवरील झाडाचा खुंट कोणता आहे, हे विकणाऱ्यालाही सांगता येत नाही.

जागा दिवसभर उन्हाची, भिंतीपासून निदान आठ-दहा फूट दूर आणि दोन झाडांत 15 फुटांहून कमी अंतर पडणार नाही अशी असावी. खड्डा मे महिन्यात अडीच फूट लांब, तितकाच रुंद व खोल खणून उन्हात तापू द्यावा. नंतर निघालेलीच माती, दोन-तीन घमेली कुजलेले शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड एकत्र करून तो भरावा. काळ्या मातीच्या लेआउटमध्ये पुष्कळ लोक खड्ड्याच्या तळाशी मुरूम किंवा विटांचे तुकडे घालतात. माझ्या मते ते टाळावे, कारण भोवतालच्या चिकण मातीत पाणी मुरत नाही आणि तो खड्डा पावसाळ्यात टाक्यासारखा भरून राहतो. त्याऐवजी खड्डा भरून वर फूटभर उंचवटा करावा आणि कलम त्या उंचवट्यावर लावावे. लागवड पाऊस स्थिरावल्यावर, जुलै-ऑगस्टमध्ये करावी आणि सांधा मातीखाली जाणार नाही याची खात्री करावी.

पाणी देण्यासाठी दुहेरी आळे करावे. बुंध्याभोवती फूटभर अंतरावर मातीचा एक बांध घालावा, त्याच्या बाहेर फांद्यांच्या घेराइतका दुसरा बांध घालावा आणि या दोहोंच्या मधल्या जागेतच पाणी सोडावे. दोन बोटे माती उकरून आत ओल लागली तर त्या दिवशी पाणी देऊ नये. उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो तेव्हा आळ्यात पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे आणि पहिली दोन वर्षे पश्चिमेच्या बाजूने पऱ्हाटी किंवा तुराट्यांचा (कपाशीच्या किंवा तुरीच्या वाळलेल्या काड्यांचा) आडोसा करावा. आणखी एक सवय आपल्या शहरात घरोघरी आहे: कूलरच्या टाकीतील उरलेले पाणी झाडांना घालणे. दिवसरात्र बाष्पीभवन होऊन त्या पाण्यात क्षार साठलेले असतात, आणि लिंबूवर्गीय झाडांना ते सोसत नाहीत. पानांची टोके करपू लागली तर आधी हेच कारण तपासावे.

मी स्वतः एक सहा वर्षांचे झाड गमावले आहे. त्याच्या बुंध्याशी मी हौसेने कर्दळ लावली होती आणि तिला रोज पाणी देत होतो. श्रावणात खोडावर मधासारखे पिवळट थेंब दिसले. नखाने खरवडले तेव्हा सालीखाली तपकिरी, ओलसर पट्टा निघाला, आणि तो खोडाच्या निम्म्या घेरापर्यंत गेलेला होता. खोडातून असा डिंक गळून साल कुजण्याचा हा रोग म्हणजेच डिंक्या. तो लवकर ध्यानात आला तर कुजलेली साल धारदार चाकूने खरवडून, पुसून, त्यावर बोर्डो मलम लावता येते, आणि निरोगी झाडालाही पावसाळ्याआधी व नंतर जमिनीपासून तीन फुटांपर्यंत ते लावणे हिताचे असते. घरापुरते मलम करायचे तर 100 ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) अर्धा लिटर पाण्यात आणि 100 ग्रॅम कळीचा चुना अर्धा लिटर पाण्यात, प्लॅस्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत विरघळवावा व मग दोन्ही एकत्र करावे. त्यात लोखंडी खिळा क्षणभर बुडवावा. त्यावर तांबूस थर चढला तर आणखी थोडा चुना घालावा. मलम त्याच दिवशी वापरावे.

किडींविषयी फार धास्ती नको. कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी आणि मोठी झाल्यावर हिरवी होणारी अळी फुलपाखराची असते. ती हाताने वेचावी. पानांत नागमोडी चंदेरी रेषा दिसल्यास निंबोळी अर्क फवारावा. सांध्याखालून येणारे फुटवे मात्र दिसताक्षणी काढावेत, अन्यथा काही वर्षांनी संत्र्याच्या जागी जंबेरीचे झाड उभे राहते. वाळलेल्या फांद्या, म्हणजे सल, तोडणी झाल्यावर कापाव्यात.

पहिली चार वर्षे आलेली फुले खुडून टाकावीत. त्यानंतर वर्षात एकच बहार, म्हणजे फुलांचा एकच हंगाम, धरावा. फुले यावीत म्हणून आधी पाणी तोडून झाडाला ताण देतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला फुलणाऱ्या मृग बहाराचा ताण ऐन उन्हाळ्यात द्यावा लागतो, म्हणून अंगणातील एखाद-दुसऱ्या झाडासाठी मला हिवाळ्याच्या अखेरीस फुलणारा आंबिया बहार अधिक सोयीचा वाटतो. डिसेंबरात पाणी थांबवावे, पाने मलूल होऊन काही गळू लागली की जानेवारीच्या मध्याला आधी थोडे व मग भरपूर पाणी द्यावे. फळे दिवाळीनंतर हाताशी येतात. भारी जमिनीत ताण बसायला महिना-सव्वा महिना लागतो, हलक्या जमिनीत त्याच्या निम्मा काळ पुरतो.

संत्रा तोडल्यानंतर पिकत नाही, त्यामुळे एखादे फळ चाखून पाहावे आणि मगच तोडणी सुरू करावी. फळ कधीही ओढू नये. देठाचा छोटा तुकडा फळावर राहील असे कात्रीने कापावे, कारण ओढल्याने देठाजवळची साल फाटते आणि ते फळ काही दिवसांतच बुरशी धरते.