चेहऱ्यावर फ्लॅप किंवा ग्राफ्ट झालाय? घरी आल्यावर काय करायचं

बाबांच्या नाकाच्या शेंड्याजवळ दीड वर्ष एक फोड होता, खपली धरायची, पडायची, रक्त यायचं, परत खपली. बायोप्सीत बेसल सेल कार्सिनोमा निघाला, म्हणजे कॅन्सरच पण सहसा शरीरात न पसरणारा, जागच्या जागी मात्र पोखरत जातो. तो काढून खड्डा भरला आणि मग महिनाभर नागपूरच्या धंतोलीत दवाखान्याच्या फेऱ्या अन् घरची ड्युटी माझ्याकडे, त्यातून जे शिकले ते लिहून ठेवते. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

डिस्चार्जच्या वेळी एक प्रश्न नक्की विचारा, फ्लॅप केला की ग्राफ्ट? आम्ही विचारलाच नव्हता आणि पहिले दोन दिवस नुसते अंदाजच बांधत होतो. फ्लॅपमध्ये शेजारचीच कातडी एका बाजूनं जोडलेली ठेवून सरकवतात किंवा फिरवतात, तिचं रक्त तिच्यासोबत येतं. ग्राफ्ट म्हणजे कातडी पूर्ण सुटी काढून लावतात, चेहऱ्यासाठी बरेचदा कानामागची, कारण रंग जुळतो. तिला स्वतःचं रक्तच नाही. पहिले एक-दोन दिवस ती खालच्या जखमेतला ओलावा शोषून जगते, मग खालच्या बारीक रक्तवाहिन्या तिला जोडल्या जातात.

म्हणून ग्राफ्टवर कापसाचा गोळा टाक्यांनी दाबून बांधतात, पाच ते सात दिवस. आमची आत्या म्हणे, "हे काय नाकावर लाडू ठेवला?" त्या लाडवाला हात लावायचा नाही, ओला करायचा नाही, आत काय चाललंय म्हणून उचकायचा तर मुळीच नाही. कातडी सरकली किंवा खाली रक्त साचलं की संपलं. गोळा निघाल्यावर ग्राफ्ट जांभळट-काळपट दिसतो, कधी वरचा पातळ पापुद्राही काळा पडून सुटतो आणि खाली गुलाबी असतं, त्यामुळे पहिल्याच नजरेत रडू नका (मी रडले). चष्मा नाकावर टेकवायचा नाही, बाबांचा पेपर आठवडाभर मीच वाचून दाखवला.

फ्लॅप असेल तर दिवसातून दोन-तीनदा रंग बघा. आपल्या सावळ्या कातडीवर फरक पटकन कळत नाही, म्हणून रोज एकाच खिडकीपाशी मोबाईलवर फोटो काढा अन् शेजारच्या कातडीशी ताडून बघा. सूज येतेच. पण फटक पांढरी आणि गार वाटली तर रक्त पोचत नाहीये, गडद जांभळी होऊन टम्म फुगली तर रक्त परत जात नाहीये, दोन्हीत लगेच फोन करा, सकाळची वाट बघू नका. नाकावर मोठा खड्डा असेल तर कपाळाची कातडी खाली वळवतात, तीन आठवडे सोंडेसारखा पूल दिसतो आणि मग तो कापतात. ही पद्धत आपल्याकडचीच आहे बरं का, पुण्याजवळ एका बैलगाडीवाल्याचं कापलेलं नाक असंच बसवलं होतं आणि 1794 मध्ये लंडनच्या मासिकात ते चित्रासकट छापून आलं.

आता खर्रा, म्हणजे तंबाखू-सुपारी घोटून केलेली पुडी. नागपूरात हे सांगणं सगळ्यात अवघड, बाबा म्हणे एवढ्याशा पुडीनं काय होते. होते ना! निकोटीननं रक्तवाहिन्या आकसतात, आणि इथं सगळा खेळच त्या केसाएवढ्या वाहिन्यांचा आहे. बिडी, सिगरेट, खर्रा सगळं बंद, ऑपरेशनच्या आधीपासूनच.

बाकीचं पटपट सांगते. झोपताना दोन उशा, वाकून काही उचलायचं नाही. रक्त आलं तर स्वच्छ गॉज घेऊन पंधरा-वीस मिनिटं घट्ट दाबून धरा, मधे उचलून बघत बसू नका, तरी थांबलं नाही तर सरळ दवाखाना. रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही. उघड्या टाक्यांवर सांगितलेलं मलम किंवा व्हॅसलीन लावून ओलसर ठेवा, हळद वगैरे नको. कूलरची हवा थेट तोंडावर घेऊ नका, जखम सुकून खपली धरते.

टू-व्हीलरवर आपण तोंडाला दुपट्टा करकचून बांधतो, तो महिनाभर विसरा, घासला जातो. पण ऊन तर लागू द्यायचं नाही, कारण नव्या कातडीवर काळे डाग पडतात, म्हणून मोठी टोपी, आणि जखम भरल्यावर रोज एसपीएफ तीसच्या वरचं सनस्क्रीन. मसाज साधारण महिन्याभरानं, तोही विचारूनच. फ्लॅप मधल्या काळात उशीसारखा फुगतो तेव्हा वाटतं बिघडलं, पण व्रण बसायला वर्ष जातं. मात्र डोळ्याजवळचं काम असेल आणि खालची पापणी ओढल्यासारखी वाटली, डोळा नीट मिटत नसेल, तर थांबू नका, दाखवून या. आणि बेसल सेल एकदा झाला की दुसरीकडे नवा निघू शकतो, तेव्हा तपासणीला गेल्यावर कान, मान, टक्कल सगळं बघून घ्या, बाबा दरवेळी टोपी काढायला विसरतात.