जपानच्या किनाऱ्यावरील नौकाविहार: या चुका टाळा

जपानला जाणारे आपल्याकडचे प्रवासी रेल्वेचे वेळापत्रक मिनिटामिनिटाने तपासतात, समुद्राचे वेळापत्रक मात्र बहुतेकांच्या गावीही नसते. किनाऱ्यावरील सहल फसते ती बऱ्याचदा एवढ्याच कारणाने. नारुतोचे भोवरे पाहायला गेलो तेव्हा मीही हीच चूक केली होती. सकाळची बस सोयीची वाटली म्हणून ती पकडली आणि दुपारी बाराच्या सुमारास धक्क्यावर पोहोचून तिकीट काढले. बोट ओनारुतो पुलाखाली गेली, तेव्हा समोर हिरवट, गुळगुळीत, जवळजवळ स्थिर पाणी होते. अधूनमधून पृष्ठभागावर एखादी वळी उमटायची आणि मिटून जायची. बोट उत्तम होती, हवा स्वच्छ होती, चुकली होती ती केवळ वेळ.

असे का होते, हे समजून घेतले की पुन्हा चूक होत नाही. शिकोकू आणि आवाजी या बेटांमधील नारुतोची सामुद्रधुनी जेमतेम १.३ किलोमीटर रुंद आहे. पॅसिफिककडून येणारे भरतीचे पाणी या अरुंद वाटेने सहज आत शिरू शकत नाही. ते ओसाकाच्या उपसागरातून आणि आकाशीच्या सामुद्रधुनीतून आवाजी बेटाला वळसा घालून पलीकडच्या बाजूला पोहोचते आणि या फेऱ्याला सुमारे सहा तास लागतात. परिणामी पुलाच्या दक्षिणेला भरती असते तेव्हा उत्तरेला ओहोटी असते. दोन्हीकडच्या पातळीत दीड मीटरपर्यंत फरक पडतो आणि उधाणाच्या दिवसांत पाणी ताशी सुमारे २० किलोमीटर वेगाने उताराकडे धावते. मधला वेगवान प्रवाह आणि कडेचे संथ पाणी जिथे एकमेकांना भिडतात, तिथे भोवरे उठतात आणि मोठ्यात मोठ्या भोवऱ्याचा व्यास २० मीटरपर्यंत जातो. सुमारे सहा तासांनी प्रवाहाची दिशा उलटते, तेव्हा मधे काही काळ पाणी जणू थबकते. मी नेमका त्या थबकलेल्या घटकेला तिथे होतो.

म्हणून नारुतोला जायचे असल्यास आधी बोटवाल्यांनी प्रसिद्ध केलेले त्या दिवसाचे प्रवाहाचे वेळापत्रक पाहावे, प्रवाह सर्वांत जोरात असेल त्या वेळेच्या आगेमागे तास-दीड तासातली फेरी ठरवावी आणि मगच बस किंवा गाडी निवडावी. ही वेळ रोज साधारण पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते, त्यामुळे मित्राने गेल्या आठवड्यात साधलेली वेळ आपल्या उपयोगाची नसते. दिवस निवडताना आपल्या घरातील दिनदर्शिका चांगलीच कामी येते. पौर्णिमा आणि अमावास्येनंतरच्या एक-दोन दिवसांत उधाण असते, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वांत कमी जोराची भरती-ओहोटी, असतो, आणि चंद्र सगळ्यांचा एकच असल्यामुळे हा हिशेब तिकडेही लागू पडतो. वसंत आणि शरद ऋतूंतील उधाणे अधिक जोरकस असतात. मात्र तिथीला पाऊणपट करून भरतीची घटका काढण्याचा कोकणातला ठोकताळा तिकडे लावू नये. तो आपल्या किनाऱ्यापुरता आहे. ज्यांना बोट लागते, त्यांनी पुलाच्या पोटातील पायवाटेने जावे. पाण्यापासून ४५ मीटर उंचीवर काचेच्या फरशीतून खालचा प्रवाह सरळ दिसतो. अर्थात वेळेचा नियम तिथेही तोच.

हिरोशिमाजवळच्या मियाजिमा बेटावर हीच चूक वेगळ्या रूपात होते. इत्सुकुशिमा मंदिराची केशरी कमान पाण्यावर तरंगताना पाहायची असेल तर भरती हवी, तिच्या खांबापर्यंत चालत जायचे असेल तर ओहोटी हवी. हिरोशिमाच्या उपसागरात उधाणाच्या दिवशी पाण्याच्या पातळीत ४ मीटरपर्यंत फरक पडत असल्यामुळे एकाच ठिकाणची दोन अगदी निराळी दृश्ये दिसतात. अनेक जण तासाभरात फोटो काढून परततात आणि त्यांपैकी एकच घेऊन येतात. जपानच्या हवामान संस्थेचे भरती-ओहोटीचे तक्ते सर्वांसाठी खुले आहेत. त्यांत ‘मान्चो’ म्हणजे पूर्ण भरती आणि ‘कान्चो’ म्हणजे पूर्ण ओहोटी, एवढे दोन शब्द ओळखता आले तरी काम भागते. शक्य असल्यास बेटावर सहा-सात तास काढावेत. रेल पासवर जेआरची (जपान रेल्वेची) फेरीबोट चालते, पण ऑक्टोबर २०२३ पासून लागू झालेला १०० येनचा अभ्यागत कर पासधारकांनाही वेगळा भरावा लागतो.

दुसरी मोठी चूक वाऱ्याची. ‘जपानचा समुद्र’ असा एकच समुद्र मनात धरून चालणे धोक्याचे आहे. सेतोचा अंतर्देशीय समुद्र बेटांच्या आडोशाला असतो. पॅसिफिकच्या बाजूला ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात वादळांचे सावट असते. पश्चिमेकडील ‘जपान समुद्र’ नावाच्या समुद्राच्या किनाऱ्यावर, म्हणजे फुकुई, तोत्तोरी या भागांत, भरती-ओहोटीचा फरक अगदी थोडा असतो, पण हिवाळ्यात वायव्येचा वारा सुटला की लाटा उसळतात आणि तिथल्या नौकाफेऱ्या कित्येक दिवस बंद राहू शकतात. फुकुईतील तोजिन्बो कड्याचे उंच दगडी स्तंभ जानेवारीत कड्यावरून पाहता येतील, बोटीतून दिसतीलच असे नाही.

इझू द्वीपकल्पाच्या पश्चिम किनाऱ्यावरील दोगाशिमा हे माझे अतिशय आवडते ठिकाण आहे आणि हिवाळ्यातील पश्चिमेचा वारा तिथेही आडवा येतो. १९३५ साली नैसर्गिक स्मारक म्हणून घोषित झालेली तेन्सोदो गुहा तिथे आहे. बोट अंधाऱ्या, अरुंद बोगद्यातून हळूहळू आत सरकते, इंजिनाचा आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि अचानक डोक्यावरचे छत उघडते. त्या मोकळ्या गवाक्षातून उन्हाचा झोत सरळ पाण्यात उतरतो आणि बोटीखालचे पाणी आतून दिवा लावल्यासारखे निळे-हिरवे होते. हे पाहायचे तर ऊन डोक्यावर असताना, दुपारच्या आगेमागे जावे. मात्र तिकीट काढण्यापूर्वी एक प्रश्न अवश्य विचारावा: आज बोट गुहेत जाणार आहे का? लाटा थोड्या जास्त असल्या की बोट सुटते, पण गुहा वगळते. दोगाशिमाला रेल्वे नाही; शुझेन्जी किंवा शिमोदा येथून बसने जावे लागते, म्हणून परतीच्या बसची वेळ आधीच टिपून ठेवावी.

तिकीट खिडकीवर ‘केक्को’ अशी पाटी लागली, तर त्याचा अर्थ फेरी रद्द. आकाश निरभ्र असते, धक्क्यापाशी पाणी शांत दिसते, आणि मग काही प्रवासी वाद घालू लागतात. तसे कधीही करू नये. २३ एप्रिल २०२२ रोजी होक्काइदोमधील शिरेतोको येथे लाटांचा आणि वाऱ्याचा इशारा दिलेला असतानाही सुटलेली एक पर्यटक बोट बुडाली आणि तिच्यावरील २६ जणांपैकी कोणीही वाचले नाही. फेरी रद्द करणारा नाखवा आपला जीव जपत असतो. आपल्या हातात एकच गोष्ट असते: ज्या ठिकाणी केवळ बोटीसाठी जात आहोत, तिथे एक मुक्काम अधिक ठेवणे.

स्थानकाच्या नावाचा घोळही नेहमीचा. सुमारे २६० बेटांच्या मात्सुशिमा उपसागरात जायचे, तर सेन्दाईहून सेन्सेकी मार्गाने ‘मात्सुशिमा-काइगान’ येथे उतरावे. दुसऱ्या मार्गावरील नुसते ‘मात्सुशिमा’ हे स्थानक धक्क्यापासून बरेच दूर आहे. शिओगामाहून बोटीने मात्सुशिमाला यायचे असेल, तर ‘होन-शिओगामा’ येथे उतरावे.

क्योतो प्रांतातील इने गावी जाणाऱ्यांना वेगळी विनंती आहे. तिथे पाण्याच्या अगदी काठावर सुमारे २३० ‘फुनाया’ आहेत. खाली होडी ठेवण्याची जागा आणि वर खोली, अशी त्यांची रचना. ती प्रदर्शनासाठी मांडलेली घरे नाहीत, त्यांत कोळी कुटुंबे नांदतात. फोटोसाठी अंगणात शिरणे किंवा अर्धवट उघड्या दारातून डोकावणे सरळसरळ असभ्यपणाचे आहे. आपल्याकडच्या एखाद्या कोळीवाड्यात अनोळखी माणसे अशी शिरली तर आपल्याला चालेल का? गावाचा सर्वांत सुंदर दर्शनी भाग मुळात पाण्याच्या बाजूला आहे आणि तो बोटीच्या छोट्या फेरीत पूर्ण दिसतो.

बोट लागण्यावरची गोळी औषधांच्या दुकानात ‘योइदोमे’ म्हणून मागावी आणि बोट सुटल्यावर नव्हे, अर्धा तास आधी घ्यावी. शाकाहारी मंडळींनी डबा सोबत ठेवावा, कारण किनाऱ्यावरील साध्या नूडल्सच्या रश्श्यातही बहुधा माशाची ‘दाशी’ असते आणि दुपारच्या जेवणानंतर लहान खानावळी बंद होतात.

निघण्याच्या दिवशी सकाळी मुक्कामाच्या ठिकाणाहून बोटीच्या कार्यालयात फोन करून विचारावे: “क्यो, फुने वा देमास का?” म्हणजे आज बोट सुटणार का? उत्तरात ‘देमास’ ऐकू आले की बस पकडावी.