थॉमस हेदरविक यांचे काम कसे अभ्यासावे

ब्रिटिश डिझायनर थॉमस हेदरविक यांचे काम समजून घ्यायचे असेल, तर १९९४ मध्ये त्यांनी स्टुडिओ सुरू केल्यापासूनची यादी पाठ करण्यापेक्षा एखादी लहान रचना निवडून ती नेमकी कशी चालते, हे आधी पाहावे. त्यासाठी लंडनच्या पॅडिंग्टन बेसिन या कालव्याच्या धक्क्यावरील २००४ चा ‘रोलिंग ब्रिज’ उत्तम. आठ भागांच्या या पादचारी पुलाच्या कठड्यात उभे बसवलेले हायड्रॉलिक दट्टे वर सरकले, की कठडा दुमडतो, पूल हळूहळू गुंडाळला जातो आणि दोन्ही टोके टेकून काठावर अष्टकोन उभा राहतो. चित्रफीत पाहताना नजर कठड्याच्या सांध्यांवर ठेवावी. सगळी गंमत तिथेच आहे.

त्यानंतर शांघायच्या २०१० च्या जागतिक प्रदर्शनातील ब्रिटिश दालन आणि २०१२ च्या लंडन ऑलिंपिकचे ज्योतपात्र शेजारी ठेवून पाहावे. पहिल्यात टोकांशी बिया बसवलेल्या सुमारे ६०,००० पारदर्शक ॲक्रिलिक काड्या होत्या, तर दुसऱ्यात सहभागी संघांच्या २०४ तांब्याच्या पाकळ्या एकत्र येऊन ज्योत साकारली. असंख्य लहान घटकांतून एक आकृती घडवण्याची त्यांची पद्धत इथे सर्वांत स्पष्ट दिसते. लंडनची नवी दुमजली बस त्यामानाने धावती पाहिली तरी चालेल.

फसलेली कामे मात्र वगळू नयेत. सुळ्यांसारखे टोकदार दांडे निखळू लागल्याने २००९ मध्ये उतरवलेले मँचेस्टरचे ‘बी ऑफ द बँग’ हे शिल्प आणि २०१७ मध्ये रद्द झालेला थेम्सवरील ‘गार्डन ब्रिज’ यांतून कल्पना, देखभाल आणि सार्वजनिक खर्च यांतील ताण, माझ्या मते, गाजलेल्या कामांपेक्षा अधिक नेमका कळतो.