धुरात पळायला जाता? या चुका टाळा (मी सगळ्या केल्यात)

एप्रिलमधे गहू निघाला की सांवेर-देपालपूरकडे शेतात नरवाई, म्हणजे कापणीनंतर उरलेले खुंट, पेटवतात, आणि रात्री वारा इंदूरकडे फिरला की सकाळी गच्चीवर वाळत टाकलेल्या चादरीवर काळी कुसळं सापडतात, झटकायला गेलं की अजूनच पसरतात. "इतक्या लांबचा धूर काय करणार" असं वाटतं ना? २०२३च्या जूनमधे कॅनडातल्या वणव्यांचा धूर पार न्यूयॉर्कला पोचला होता, सांवेर तर हे इथे.

तरी मी बूट घालून पिपलियापाल्याच्या बागेत पळायला गेलोच, कारण मोबाइलवर एक्यूआय, म्हणजे हवा किती खराब आहे तो आकडा, ठीकठाक दिसत होता. इथेच फसलो. समीर या सरकारी अ‍ॅपवरचा आकडा मागच्या २४ तासांच्या सरासरीवर निघतो, पहाटेचा ताजा धूर त्यात बुडून जातो. तासातासाचा पीएम २.५ (हवेतल्या अगदी बारीक कणांचा आकडा) बघा, नाहीतर सरळ गच्चीवरून लांबची बिल्डिंग रोजच्यासारखी दिसते का ते बघा.

आणि पहाटेची हवा शुद्ध असते हे डोक्यातून काढा. रात्री जमिनीलगतची हवा थंड होते, वर गरम हवेचं झाकण बसतं, धूर खालीच अडकतो.

"हळू पळतो, थोडंच पळतो" हेही मी स्वतःला सांगायचो. बसल्या जागी आपण मिनिटाला ६-८ लिटर हवा घेतो, पळताना ६० लिटरच्या वर जातं, तेही तोंडाने, म्हणजे नाकाची चाळणी पण गेली.

शेजारचे काका ओला गमछा बांधून फिरतात. अहो काका, हे कण केसाच्या वीस-पंचवीस पट बारीक, गमछ्यातून आरामात जातात. एन-९५ चालतो, पण दाढी असली की कडेने गळतो, शिवाय कार्बन मोनॉक्साइड वगैरे गॅस तो अडवत नाही, आणि दम लागला की आपणच तो नाकाखाली ओढतो. म्हणून मास्क दूध आणायला जाताना, पळायला नाही.

घरी येऊन गूळ खाणारे पण आहेत. गूळ पोटात जातो, धूर फुप्फुसात, दोघांची भेटच होत नाही.

छाती आवळली, श्वासात शिटी वाजली तर "राउंड पूर्ण करतो" नाही, तिथेच थांबा. दमा असेल तर इनहेलर खिशात हवाच, आणि आराम पडला नाही तर लगेच डॉक्टर.

मी आता अशा दिवशी खिडक्या लावून, उदबत्ती बंद करून, फोडणी व्हायच्या आधी हॉलमधेच सूर्यनमस्कार घालतो. दोरीवरच्या उड्या पण मारल्या असत्या, पण खालचे आजोबा काठीने छत ठोकतात.